“रेंजच्या नावाखाली फसवणूक” या रिव्ह्यूला शोरूमचं उत्तर

नमस्कार साहेब. तुळजापूरहून सोलापूरला येताना तामलवाडीच्या पुढे तुमची इलेक्ट्रिक बाईक चार्जिंग संपून बंद पडली, वहिनी आणि लेकरू रात्रीचे रस्त्यावर ताटकळले, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. देवीला जाऊन आल्यावर कुणाच्याही वाट्याला असं येऊ नये.

पण रेंजबद्दल, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते त्याबद्दल, “१५० सांगतात, ७० देतात, सरळ फसवणूक आहे” असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून जेवण गेलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो, राग मानू नका.

१५० हा आकडा आमच्या पदरचा नाही. तो कंपनीच्या चाचणीतला आहे. तिथे गाडी रोलरवर ठरलेल्या वेगाने पळते, समोरून वारा नाही, घाट नाही, मागे कुणी बसलेलं नाही. म्हणून तर तुमच्या कोटेशनवर मी स्वतः पेनाने लिहून दिलं होतं, “रस्त्यावर १०० ते ११०, इको मोड, एकटा माणूस”. कागद घरीच असेल, काढून बघा.

आता त्या दिवशीचं. गाडी आणल्यावर तुमच्यासमोरच ॲप उघडलं होतं. निघताना चार्जिंग ८४ टक्के. हे रिव्ह्यूत कुठंच नाही. जाता-येता इको (बॅटरी वाचवणारा) नाही, स्पोर्ट मोड (जोरात पळवणारा), वेग बहुतेक ८० च्या वर. चौपदरी मोकळा मिळाला की मूठ पिळली जातेच, माझीही पिळली जाते. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० चे ८० केले की तो अडीच पट होतो, आणि बॅटरी तिथंच जाते. त्यात डबलसीट, मध्ये लेकरू, वर तुळजापूरचा घाट. आमच्या पोराने मागच्या चाकाला गेज लावला तर हवा २२! दोघं बसणार असाल तर ३६ पाहिजे, स्टिकर गाडीवरच आहे. चेनला बोट लावलं तर तेलाचा पत्ता नाही, नुसती धूळ. पहिल्या सर्व्हिसिंगसाठी आमच्याकडून फोन आले होते, तुम्ही “पुढच्या आठवड्यात येतो” म्हणालात. असो.

याच मॉडेलवर मी मंडळींना घेऊन तुळजापूरला जातो. हवा बघून, इकोवर, ५०-५५ धरून. घाट उतरताना ब्रेक दाबत बसत नाही, मूठ सोडतो, म्हणजे रीजेनने (उतारावर मोटरच उलट वीज तयार करते) थोडं चार्जिंग परत येतं. (बॅटरी फुल असेल तर ते काम करत नाही, हेही डिलिव्हरीला सांगितलं होतं.) आणि चार्जर सोबत असतो. दर्शनाच्या रांगेत दोन-तीन तास जातातच ओ, तेवढ्यात ओळखीच्या लॉजवर सॉकेटला लावून ठेवायची. तुमचा चार्जर घरी होता.

“दीड तासाने माणूस आला” हे खरं आहे. फोन आला तेव्हा शोरूमला कुलूप लागलं होतं. पोरगा ताटावरून उठला, भाड्याचा टेम्पो शोधला आणि आला. त्या टेम्पोचे पैसे तुमच्याकडून घेतले नाहीत. बोलून दाखवायचं नव्हतं.

साहेब, पेट्रोल गाड्यांचा चालता धंदा सोडून, बँकेचं कर्ज काढून हे शोरूम टाकलंय. सोलापूर केवढंसं गाव, एकाने फसवणूक म्हटलं की दहा गिऱ्हाईकं पायरीवरून परत फिरतात. तारे कमी दिलेत त्याचं एवढं नाही.

यापुढे डिलिव्हरीच्या वेळी रेंजची माहिती आणखी नीट समजावून देऊ, रात्रीच्या मदतीचंही काहीतरी बघतो आहोत. तुम्ही मंगळवार सोडून कधीही या. हवा, चेन, ब्रेक घासतोय का ते सगळं बघून देतो, पैसे नाहीत. मग एकदा मी मागे बसतो, तुम्ही इकोवर चालवा, मोहोळपर्यंत जाऊन येऊ आणि किती टक्के गेले ते तुम्हीच वाचा. येताना चार्जर तेवढा आणा, तोही तपासू.