"माणूस भूतकाळात जाऊ शकते हे सिद्ध झालं"? नाही झालं भाऊ

आपल्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की आइन्स्टाईन खरा निघाला, माणूस भूतकाळात जाऊ शकते, रशियात करूनही दाखवलं. खाली चार पुरावे. बारावी सायन्सचे पोट्टेही तो पुढं ढकलून राहिले म्हणून लिहितो.

पहिला पुरावा, अंतराळवीर स्कॉट केली जुळ्या भावापेक्षा कमी म्हातारा होऊन परतला. खरं आहे, पण 2015-16 मधे जवळपास 340 दिवस वर राहून फरक पडला साधारण 8-9 मिलिसेकंदांचा. अन् तो मागं कुठं गेला? आइन्स्टाईननं सांगितल्याप्रमाणं वेगामुळं त्याचा वेळ जरासा हळू चालला एवढंच, कालच्या दिवसात काही तो उतरला नाही.

दुसरा, जीपीएसची घड्याळं. हे तं आपल्या रोजच्या कामातलं आहे. ई-पीक पाहणीसाठी धुऱ्यावर उभं राहून फोटो काढता तेव्हा मोबाईल लोकेशन घेते ते 20,000 किलोमीटर वरच्या सॅटेलाइटकडून. वेगामुळं तिथलं घड्याळ दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागं पडते, पण तिथं गुरुत्वाकर्षण कमी म्हणून 45 नं पुढं जाते, म्हणजे एकूण 38 नं पुढं. हा हिशोब आधीच धरला नसता तं एका दिवसात 10 किलोमीटरच्या वर चूक साचली असती, पऱ्हाटी तुमच्या वावरात अन् लोकेशन भलत्याच गावच्या शिवारात. आइन्स्टाईन बरोबरच होता, त्यात वादच नाही. पण घड्याळ हळू चालो का जोरात, चालते पुढंच, उलटं फिरलेलं एकही नाही.

तिसरा, न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा जोरात पळाले, म्हणजे आइन्स्टाईनच्या हिशोबानं भूतकाळाची वाट उघडली म्हणे. ही बातमी सप्टेंबर 2011 ची, सर्न या युरोपातल्या कण-प्रयोगशाळेतून इटलीत 730 किलोमीटरवर ते 60 नॅनोसेकंद लवकर पोचले म्हणे. 2012 मधे कळलं का वेळ मोजणाऱ्या यंत्रणेची फायबर केबल नीट बसलेली नव्हती, परत मोजलं तं वेग प्रकाशाएवढाच. बातमीचा हा अर्धा भाग मेसेजवाल्यानं गाळला, याचा मले खरंच राग येते.

चौथा पुरावा रशियाचा, तं 2019 मधे मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनी आयबीएमच्या क्वांटम कॉम्प्युटरवर दोन-तीन क्यूबिट (अशा कॉम्प्युटरमधे माहिती साठवणारे सगळ्यात लहान घटक) आधीच्या स्थितीत परत आणले. दोन असले तं 85 टक्के वेळा जमलं, तीन केले तं निम्म्या वेळा. प्रोग्राम लिहून स्थिती परत आणली, पण ते चालू असताना लॅबमधलं घड्याळ पुढंच जात होतं ना.

मग मागं जाणं अशक्यच आहे असं सिद्ध झालं काय? तेही नाही. गणितज्ञ गोडेलनं 1949 मधे आइन्स्टाईनच्याच समीकरणांतून असं विश्व काढून दाखवलं का जिथं फिरून आपल्याच भूतकाळात येता येते, पण त्यासाठी सगळं विश्व स्वतःभोवती फिरत असलं पाहिजे अन् आपलं तसं फिरताना दिसत नाही. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न अन् सोबत्यांनी 1988 मधे वर्महोलचा, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या बोगद्याचा, रस्ता मांडला, त्यात वर्महोल उघडं ठेवायला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते, अन् तेवढी कशी आणायची हे आजवर कोणाले माहीत नाही. हॉकिंगनं 1992 मधे अंदाज मांडला का निसर्गाचे नियमच भूतकाळात नेणारं मशीन होऊ देत नसतील, पण तोही अजून अंदाजच आहे, सिद्ध झालेला नाही.