शंभरपैकी शंभर, आणि गिऱ्हाईक बाहेर

सोलापुरात वेबसाइट बनवून द्यायचा धंदा करत असाल, तर अक्कलकोट रोडच्या एखाद्या टॉवेलवाल्या मालकाने तुम्हाला एव्हाना विचारलं असेलच, "ते अ‍ॅक्सेसिबिलिटी का काय म्हणतात, ते आपल्या साइटला आहे का?" त्यांना ही हुक्की आपणहून येत नाही. युरोपात २८ जून २०२५ पासून ऑनलाइन विक्रीला तसा कायदा लागू झाला आणि तिकडच्या खरेदीदाराने मेल टाकली, एवढंच.

घाबरून जाऊ नका. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्याचा हात चालत नाही, त्यालाही साइट वापरता यावी असा त्या शब्दाचा अर्थ आहे म्हणतात. पण इतक्या खोलात शिरायचं कारण नाही. क्रोममध्ये लाइटहाऊस नावाचं फुकटचं यंत्र बसलेलं आहे. बटण दाबलं की थोड्याच वेळात शंभरपैकी गुण सांगतं. नव्वद झाले की गोल हिरवा होतो. मालकाला हिरवा गोल हवाय, तुम्हाला चेक हवाय. पुढचं सगळं या दोन टोकांच्या मध्ये बसवायचं आहे.

सुरुवात फोटोंपासून करा. प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर, जोडलाय की नाही हे यंत्र बघतं. मजकूर खरा आहे का, उपयोगाचा आहे का, हे त्याला कळत नाही, आणि कळतं असा आव त्याने कधी आणलेलाही नाही. तेव्हा मोराची असो, चौकड्याची असो, सिंगल असो की डबल, सगळ्या फोटोंना एकच शब्द चिकटवा: चादर. मग टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा फोनमधला स्क्रीन रीडर, लावला की तुमचं दुकान असं ऐकू येतं: "चादर, इमेज. चादर, इमेज. चादर, इमेज. टॉवेल, इमेज. चादर, इमेज." (मध्येच टॉवेल कुणी घातला ते शोधून काढा. अशाने शिस्त बिघडते.) कुणी नाक मुरडलं तर सांगा, वजनकाटा चादरीचं वजन सांगतो, मोर उलटा विणला गेलाय हे सांगत नाही. म्हणून काय काट्याची पावती फाडून टाकायची?

यापुढचं मराठी साइट करणाऱ्यांनी जरा लक्ष देऊन वाचावं, कारण इथे आपल्याला जी सवलत आहे ती इंग्रजीवाल्यांच्या नशिबात नाही. तुमचं टेम्पलेट बाहेरून उचललेलं असतं आणि त्याच्या वरच्याच ओळीत पानाची भाषा 'इंग्रजी' अशी नोंदलेली असते. तिला हात लावू नका. भाषेची नोंद आहे का आणि तो कोड खरा आहे का, एवढंच यंत्र तपासतं. खाली मजकूर मराठीत आहे हे बघायला ते थांबत नाही. स्क्रीन रीडर बिचारा त्या नोंदीवर विश्वास ठेवून इंग्रजी आवाज लावतो. पुढे 'पक्क्या रंगाची, जेकार्ड विणीची' अशी देवनागरी आली की तो आवाज कधी अक्षरं गिळतो, कधी भलतंच बरळतो आणि कधी थेट मौन धरतो. तिकडे तुमच्या अहवालात भाषेच्या रकान्यापुढे बरोबरची खूण.

याहून पक्कं काम हवं असेल तर जुना फॉन्ट आहेच. नवी पेठेतल्या डीटीपीवाल्याकडून मजकूर श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये आला, तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना वाचता येणाऱ्या प्रमाण कोडमध्ये, बदलायचा खटाटोप करत बसू नका. फॉन्ट साइटवर चढवा, मजकूर आहे तसा ओता. पडद्यावर झकास मराठी दिसेल. त्या दिसण्याच्या खाली इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलर यांची खिचडी असते, पण ती डोळ्यांना दिसत नाही आणि यंत्राला खटकत नाही. ती फक्त कानाला ऐकू येते, आणि कानाने वेबसाइट बघणारे लोक मीटिंगला नसतात.

हेही जड वाटत असेल तर अख्खी जाहिरातच एका चित्रात घाला. संक्रांतीची ऑफर, गड्डा यात्रेतला स्टॉल, दर, पत्ता, फोन नंबर, सगळं एकाच जेपीजीत. ऑल्ट टेक्स्ट: बॅनर. पूर्ण गुण.

रंगांच्या बाबतीत मात्र यंत्र जरा खट आहे. डब्ल्यूसीएजी या जागतिक नियमावलीप्रमाणे साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक लागतो, आणि हे गणित यंत्राला चोख येतं. वेबएम नावाची अमेरिकी संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. दरवर्षी नव्वद टक्क्यांहून जास्त पानं कुठे ना कुठे नापास होतात आणि पहिला नंबर याच दोषाचा, फिकट अक्षरांचा. आपण त्या गर्दीत कशाला जायचं? फिकट मजकूर सरळ फोटोवर टाका. मागे नक्की कोणता रंग धरायचा हे यंत्राला ठरवता येत नाही, मग ते ती गोष्ट सोडून देतं आणि गुण कापत नाही. अहवालात 'माणसाने तपासावे' अशी एक यादी असते, ती उघडायची नाही. मे महिन्यात भर दुपारी सात रस्त्यावर रिक्षात बसून कुणी तुमची किंमत वाचायला गेलं आणि त्याला धड डोळे असूनही ती दिसली नाही, तर दोष सोलापूरच्या उन्हाचा.

कीबोर्डचं फार मनावर घेऊ नका. 'कार्टमध्ये टाका' हे खरं बटण न करता बटणासारखा दिसणारा चौकोन करा, माउसने दाबला की चालतो. माउस न वापरणारा माणूस टॅब दाबत दाबत त्याच्यावरून निघून जाईल आणि त्याला कळणारही नाही. यंत्रालाही बहुधा कळत नाही. टॅब दाबल्यावर उमटणारी ती निळी चौकट डिझायनरला नको असते. ती काढून टाकलीत तरी गुण तेवढेच.

आणि तपासणी फक्त मुखपृष्ठाची करा. लॉगिन, ओटीपी, पत्ता, पैसे भरणं, ही पानं यंत्राला आपणहून दिसत नाहीत. त्याला कुणीतरी दार उघडून आत न्यावं लागतं. तुम्ही नेऊ नका.

ऑफिसात एखादं नुकतंच शिकून आलेलं पोरगं असतं. ते म्हणेल, कोडमध्ये बदल झाला की चाचणी आपोआप चालेल असं करू, दोष सापडला तर बिल्ड, म्हणजे साइटची नवी आवृत्ती, अडेल. करू द्या, प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड वाढते. पहिल्यांदा बिल्ड अडेल तेव्हा कुणीतरी ओरडेलच, "काय बे, शुक्रवारी संध्याकाळी लाल करालास?" मग तो नियमच बंद करायचा आणि शेजारी लिहायचं: तात्पुरतं. आमच्या व्यवसायात तात्पुरत्या गोष्टींइतकं टिकाऊ काही नाही.

आता एक धोक्याची सूचना. काही लोक हीच यंत्रं सरळपणे वापरतात. फॉर्मच्या रकान्याला नाव नाही, बटण मुकं आहे, अक्षरं फिकट आहेत, असले दोष यंत्राकडून चुटकीसरशी गोळा करून घेतात आणि वाचलेल्या वेळात उरलेलं हाताने तपासतात. कीबोर्डवर पूर्ण खरेदी करून बघतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून, मॉनिटर बंद करून साइट ऐकतात. तो २००६ पासून फुकट मिळतो, त्यामुळे परवडत नाही असंही म्हणायची सोय नाही. असा माणूस टीममध्ये आला तर त्याला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाका. कारण त्याला माहीत असतं, की ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१७ मध्ये मुद्दाम शंभराहून जास्त दोष पेरून एक पान केलं होतं, आणि ते तपासताना सगळ्यात हुशार यंत्रालाही त्यातले निम्मे सापडले नाहीत. २०१९ मध्ये एका ऑस्ट्रियन डेव्हलपरने तर लाइटहाऊसचे शंभर गुण मिळवणारं आणि कुणालाच वापरता न येणारं पान करून दाखवलं. त्याने ते मुद्दा पटवून द्यायला केलं. आपण बिल लावून करतो.

डेमोच्या दिवसासाठी वेगळी तयारी हवी. मालकाच्या घरात एखादे आबा असतात, आयुष्य मागावर गेलेलं, काचबिंदूने दृष्टी गेलेली. चादर हातात दिली तर पोत चाचपून ती कशी विणली ते सांगतील. नातवाने त्यांच्या फोनवर टॉकबॅक लावून दिलेला असतो आणि दिवसभर ते त्यावर बातम्या ऐकत असतात. हा माणूस तुमच्या कामाला सगळ्यात घातक. मालक हिरव्या गोलाकडे कौतुकाने बघत असताना आबा फोन पुढे करून विचारतील, "अरे, यातली मोराची कुठली?" तेव्हा म्हणायचं, "आबा, नेट स्लो आहे." आणि चहा मागवायचा. आबांना साइट तपासायला बसवावं, त्या कामाचे त्यांना पैसे द्यावेत, असला विचार मालकाच्या डोक्यात येण्याआधी पुढची स्लाइड लावा.

ती स्लाइड विजेटची. एक ओळ कोड टाकली की कोपऱ्यात निळं चिन्ह येतं, दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग उलटे होतात, आणि साइट 'आपोआप सुलभ' झाली असं विकणारा सांगतो. फोनमध्ये हे सगळं आधीपासून असतं, ते बोलू नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये असंच विजेट विकणाऱ्या अ‍ॅक्सेसिबी कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले, तेही बोलू नका. अमेरिका लांब आहे.

दिल्ली जरा जवळ आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ते प्रकरण ज्यांनी नेलं त्यांत अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती होत्या. केवायसीसाठी स्क्रीन म्हणे डोळ्यांची उघडझाप करा, आणि त्यांना ती करता येत नव्हती. तिथेही कुठल्यातरी अहवालात सगळं हिरवंच असणार. तेव्हा तुमचा अहवाल रंगीत प्रिंट काढून, लॅमिनेट करून मालकाच्या केबिनमध्ये लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावून ठेवा.

आणि तक्रारीसाठी साइटवर एक पान ठेवायला विसरू नका. नाव, मोबाइल, तक्रार, आणि पाठवण्याआधी एक कॅप्चा: खालील चित्रांतले ट्रॅफिक सिग्नल ओळखा. वर्षअखेरीला अंध ग्राहकांच्या तक्रारी शून्य भरतील. तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर घ्या, जरा मोठ्या अक्षरात.