पेपरवाल्याच्या नावाचा कालवा

आज मित्रमंडळींसोबत इथे अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या हॉर्सटूथ धरणावर गेलो होतो. एकाने फोनवरच्या नकाशात कालव्याचं नाव वाचलं, 'चार्ल्स हॅन्सन', आणि म्हणाला, "असेल कुणी पुढारी." तिथे गप्प बसलो. घरी आल्यापासून मात्र डोक्यातून जात नाहीये.

पुढारी नव्हता हो तो. इथून तासाभरावरच्या ग्रीली गावात 'ट्रिब्यून' पेपरचा संपादक होता. तीसच्या दशकातला दुष्काळ, पाटांना पाणी नाही, बीटाची शेतं करपलेली. पाणी सगळं रॉकी पर्वताच्या पलीकडे. डोंगराखालून बोगदा काढून ते अलीकडे आणायचं, यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं भांडला. १९३७ मध्ये पाण्यासाठी 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे एक पाणी-संस्था उभी राहिली, तिचा पहिला अध्यक्ष हाच. एकवीस किलोमीटरचा बोगदा! जून १९४७ मध्ये त्यातून पहिलं पाणी आलं. सगळा प्रकल्प पुरा व्हायला १९५७ उजाडलं, आणि हॅन्सन १९५३ मध्येच गेला.

मला का एवढं लागलं? गावाकडे आमची जमीन चारीच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. पेपरात 'आवर्तन सुटले' अशी बातमी आली की बाबा ती कापून खिशात ठेवायचे आणि फावडं घेऊन रात्रभर चारीवर बसायचे. वरच्या अंगाला पाणी उपसणाऱ्या मोटारी लागलेल्या असायच्या. पाणी आमच्यापर्यंत यायचंच नाही. सकाळी तो कागद दवाने ओला झालेला असायचा. बातमी देणारा एकदा तरी टेलला येऊन बघून गेला असता तर? पाणी सुटल्याची बातमी छापायची आणि पोचलं का ते विचारायचं नाही, याचा मला आजही संताप येतो.

हो, पलीकडच्या लोकांचं पाणी इकडे आणलं, हे खरंच. त्यांच्यासाठी आधी ग्रीन माउंटनचं धरण बांधावं लागलं. आणि आता यातलं बरंचसं पाणी शहरांनी विकत घेतलंय, तेही मान्य. पण निदान एक संपादक अग्रलेख लिहून घरी गेला नाही, बोर्डाच्या बैठकांना बसत राहिला. आमच्या चारीला असा एक जण हवा होता.

संध्याकाळी बाबांना कालव्याचा फोटो पाठवला. एका पेपरवाल्याचं नाव दिलंय म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच फोन केला.

"टेलला पोचतं का रे तिथं?"