५० एचपी आहे म्हणून १० टन? थांबा राजेहो

सोयाबीन निघाल्यापासून एक मेसेज फिरून राहिला आहे, तुमच्याही ग्रुपवर आलाच असेल. वर ट्रॅक्टरचा फोटो, खाली पाच-सहा ओळी. मतलब असा की ५० एचपीचं ट्रॅक्टर बिनधास्त १० टन ओढते, कंपनीवाले मुद्दाम कमी सांगतात म्हणजे तुम्ही मोठं मॉडेल घ्याल, ट्रॉलीवर लिहिलेलं वजन भरायला काही हरकत नाही, ट्रॅक्टर मुंडकं, म्हणजे पुढची चाकं, उचलत असेल तर मागच्या टायरात पाणी भरा, चढ चढला म्हणजे लोड झेपला, उतारावर न्यूट्रल करा डिझेल वाचते, आणि दोन चकरा मारणारा शेतकरी येडा. शेवटी ते नेहमीचं, खरा शेतकरी असाल तर पुढं पाठवा. मला चार जणांनी पाठवला, त्यातला एक माझा चुलतभाऊच, आणि तो तर माझ्याच ट्रॅक्टरवर चालवायला शिकला, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू.

आधी एचपीचं. एचपी हे किती ओझं ओढेल याचं माप नाही, किती जोर किती स्पीडनं लावता येईल याचं आहे, स्पीड त्यात धरलेलाच असतो. चांगल्या बैलजोडीची ताकद साधारण एक एचपीच्या आसपास धरतात. आपल्या बंडीत बऱ्या रस्त्यानं दहा क्विंटल माल जाते, हे आज्यापासून चालत आलेलं. मेसेजवाल्याच्या हिशोबानं ५० एचपी म्हणजे ५० बैलजोड्या, म्हणजे ५०० क्विंटल, म्हणजे ५० टन! मग हा बावा १० वरच काहून थांबला? कारण त्यालाही माहीत आहे की ओढत नाही. जास्तीची ताकद स्पीडमध्ये जाते, बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालते आणि ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीनं वीस.

मग कोणी म्हणेल लो गिअर टाकू. टाका ना, इंजिन तयारच आहे. ५० एचपी म्हणजे ३७ किलोवॅट, ते तासाला पाच किलोमीटरच्या चालीला लावले तर कागदावर अडीच टनाच्या वर खेच निघते, गिअरबॉक्समध्ये थोडी गेली तरी दोनच्या वर उरते. पण आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला ती खेच जमिनीवर उतरवणारी चाकं दोनच, मागची. या साइजच्या ट्रॅक्टरचं वजन दोन टनाच्या आसपास आणि त्यातलं सव्वा टनाच्या जवळपास मागच्या चाकावर. कोरड्या डांबरावर टायर आपल्यावर असलेल्या वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यापर्यंत पकड देते, सुट्ट्या मुरमावर निम्म्याच्या आसपास, आणि ओल्या काळ्या मातीत पाव-तिजाई भेटली तरी नशीब समजा. म्हणजे इंजिन दोन टन खेच द्यायला बसलं आहे आणि टायर एका टनालाच घसरून राहिलं. पांधणीत पावसात ट्रॅक्टर फसते तेव्हा इंजिन बंद पडलेलं कितीदा पाहिलं तुम्ही? ते तर भकाभका धूर सोडत उभ्या जागी चाक फिरवत खड्डा करते. कमी पडते ते वजन आणि पकड, एचपी नाही.

आता माझंच सांगतो, कारण शहाणा मीही नव्हतो. दोन वर्षाआधी आमच्या पांधण रस्त्यावर मुरूम टाकायचा होता, ट्रॉलीत दीड ब्रास भरला, फळ्याच्या वर जरासा ढीग, दिसायला काहीच नाही. कोणी विचारलं तर मी म्हणायचो चार-साडेचार टन असंल. ब्रास म्हणजे १०० घनफूट हे सगळ्यांना पाठ आहे, पण ते जागेचं माप आहे, वजनाचं नाही, हे डोक्यात येतच नाही. दीड ब्रास म्हणजे सव्वाचार घनमीटर आणि सुट्टा मुरूम घनमीटरला दीड-पावणेदोन टन भरते. रस्त्यात धरमकाटा होता, सहज म्हणून चढवलं, चिठ्ठी निघाली ९,८६० किलोची. रिकामं ट्रॅक्टर-ट्रॉली ३,४४०. म्हणजे माल ६,४२० किलो, आणि मी साडेचार म्हणत होतो! त्याच ट्रॉलीत तेवढ्याच उंचीपर्यंत सोयाबीन भरलं तर तीन-सव्वातीन टन होते, आणि कापूस तर जाळी बांधून डोंगराएवढा रचला तरी जिनिंगच्या काट्यावर वीस-पंचवीस क्विंटलच निघते. त्यामुळं "मागच्या साली कापूस नेला तेव्हा काही झालं नाही" हे रेतीच्या ट्रॉलीला लागू होत नाही.

त्या दिवशी काटा होऊन पुढं नाल्याच्या रपट्यावरून वर चढताना पुढची चाकं वीतभर उचलली. स्टेअरिंग एकदम लोण्यासारखं हलकं झालं, मी डावीकडं फिरवतोय आणि ट्रॅक्टर सरळच्या सरळ. दोन सेकंदांचा खेळ असेल, क्लच दाबला तशी चाकं टेकली, पण क्लच दाबल्याबरोबर ट्रॉलीनं मागं ओढलं, मग ब्रेक, मग दगड लावायला उतरलेल्या पोट्ट्याची आरडाओरड, सगळं एकदम. तिथून मी काट्याचा नाद लावून घेतला.

मुंडकं काहून उचलते, हे आपल्या बंडीवाल्यांना कंपनीच्या पुस्तकापेक्षा जास्त कळत होतं. माल मागं जास्त झाला की बंडी उलाळ होते, जू वर उठते, पुढं जास्त झाला की बैलाची मान दबते, म्हणून आमचा आजा पोते रचताना दहा वेळा जू हातानं उचलून पाहायचा. दोन चाकी ट्रॉलीचंही तसंच, फक्त बैलाच्या मानेच्या जागी ट्रॅक्टरचा हुक. हुकावर भार नसला तर मागची चाकं हलकी होऊन पकड जाते, फार झाला तर पुढची हवेत. तिकडं अमेरिकेत लोक घरासारखी ट्रॉली जीपगाडीमागं बांधून फिरायला जातात, त्यांच्याकडं एकूण ट्रॉलीच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर ठेवायचा असा सरळ ठोकताळा आहे, कमी झाला की ती ट्रॉली स्पीडला शेपटी हलवायला लागते. आपल्या ट्रॅक्टरला पुढच्या चाकावर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग नावालाच. हुकावरचा भार काट्यावर मोजता येते. ट्रॉली जोडलेली ठेवून फक्त ट्रॅक्टर काट्यावर घ्या, मग ट्रॉली सोडून परत घ्या, दोन चिठ्ठ्यांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. काटेवाला जरा कुरकुर करते, चहा पाजा.

आणि ट्रॉली ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं खाली असलेल्या ओढायच्या दांड्याला, कंपनीनं दिलेल्या उंचीवर जोडा. फसलेली ट्रॉली काढायला साखळी वर टॉप लिंकच्या जागी, म्हणजे अवजाराचा वरचा दांडा जोडतात तिथं, बांधणारे महाभाग मी पाहिले आहेत, हुक जितका वर तितकं ट्रॅक्टर मागं पलटायला सोपं, आणि ते पलटते तेव्हा उडी मारायला वेळ भेटत नाही.

पाण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे म्हणून तोच जास्त घातक. मागच्या एका टायरात दीडशे ते अडीचशे लिटर पाणी बसते, साइजप्रमाणं, तेवढं वजन चाकावर वाढते, चिखलात नांगरताना खरंच फायदा होते. पण मेसेज म्हणते मुंडकं उचलत असेल तर मागं पाणी भरा. अरे बावा, मागं वजन वाढवून पुढचं कसं खाली बसेल? त्याच्यासाठी पुढच्या बंपरला लावायचे वेट असतात, आणि खरा उपाय म्हणजे माल कमी.

ट्रॉलीवर लिहिलेल्या वजनाचं एका ओळीत सांगतो. तो आकडा ट्रॉलीच्या धुरीचा, पाट्यांचा, टायरचा आहे, ट्रॅक्टरचा नाही. ८ टनाची ट्रॉली छोट्या ट्रॅक्टरला जोडली म्हणून ट्रॅक्टर ८ टनाचं होत नाही, दोघातला जो कमजोर त्याचा आकडा धरायचा.

आता ती "चढ चढला म्हणजे लोड झेपला" वाली ओळ, माझ्या मते सगळ्यात खराब. चढ ही परीक्षाच नाही. चढालाही धोका आहेच, पण चाक फिरते, मुंडकं उचलते, ट्रॅक्टर तुम्हाला सांगते तरी की बस झालं. उतार काहीच सांगत नाही. हिशोब पाहा, ट्रॅक्टर २ टन, रिकामी ट्रॉली दीड टन, मेसेजवाल्याचे १० टन, झाले साडेतेरा. दहा फुटात एक फूट उतार, म्हणजे फक्त चिखलदऱ्याचा घाट नाही, कॅनॉलच्या पाळीवरून उतरणारा रस्ताही तेवढा असते. तिथं साडेतेराचा दहावा हिस्सा, म्हणजे १,३५० किलोचा जोर सतत खाली ढकलत असते, कमी होत नाही, दमत नाही. याला अडवायला काय आहे? आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि ट्रॉलीला ब्रेक नाहीतच, किंवा आहेत पण पाइप जोडलेला नाही. कोरड्या डांबरावर ती दोन चाकं कशीबशी तेवढं धरतील. रस्त्यावर सुट्टी गिट्टी असली, पावसाचा शिपका पडला, की चाक लॉक होऊन घसरते आणि मागून ट्रॉली ढकलत येते. जराशी वळणावर असली की ट्रॅक्टरला आडवंच करते. त्यात डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकचे दोन पॅडल वावरात वळायला वेगळे केलेले निघताना तसेच राहिले तर एकाच चाकाला ब्रेक लागते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरते. डांबरी रोडला लागायच्या आधी दोन्ही पॅडल जोडणारी पट्टी अडकवायला दोन सेकंद लागतात, माझा चुलतभाऊ अजून विसरते.

आणि अशा उतारावर न्यूट्रल! म्हणे डिझेल वाचते. न्यूट्रल केलं की इंजिन आयडलवर चालते, त्याला डिझेल लागतेच. गिअरमध्ये ठेवून रेस सोडली तर चाकंच इंजिनला फिरवतात, पंपाचा गव्हर्नर पाहते की इंजिन आयडलपेक्षा जास्त फिरून राहिलं आणि डिझेल जवळजवळ बंदच करते. म्हणजे डिझेल वाचते ते गिअरमध्ये, न्यूट्रलमध्ये नाही, आणि वरून इंजिनाची अडवण फुकटात भेटते. क्लच दाबून उतरणं म्हणजेही न्यूट्रलच, ते वेगळं समजू नका. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर टाकायचा, ज्या गिअरनं चढला असता त्याच्याहून एक खालचा टाकला तरी चालते, कारण मधात गाडी सुटली की मग गिअर पडत नाही. दहाच्या स्पीडला जी ट्रॉली थांबवायची ती वीसच्या स्पीडला चौपट जोरानं अंगावर येते, दुप्पट नाही.

कायद्याचं मेसेजमध्ये काहीच नाही म्हणून थोडक्यात. ट्रॉलीचीही वेगळी नोंदणी असते आणि तिच्या कागदावर वजन लिहिलेलं असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २० हजार आणि वरच्या दर टनाला २ हजार आहेत, जास्तीचा माल उतरवायचा खर्च वेगळा.

कंपनीवाले मुद्दाम कमी सांगतात म्हणे. सांगत असतीलही, मला काय माहीत त्यांच्या मनातलं. पण विकणाऱ्याची बोली कधी ऐकली का तुम्ही? मला तर शोरूममध्ये "भाऊ, काही पण लादा" असंच सांगितलं होतं, पुस्तकातला आकडा मीच मागून पाहिला.

राहिला दोन चकरांचा येडेपणा. सहा-साडेसहा टन एका चकरीत नेण्यापेक्षा मी आता तीन-सव्वातीनच्या दोन करतो. डिझेल दुप्पट लागत नाही, कारण ट्रॉली अर्धी भरलेली असली की एक गिअर वर चालते, चढावर तासभर घुरघुर नाही, फक्त रिकामं परत यायचं डिझेल एका वेळचं जास्त लागते. आणि माझं जुनं खातं काढून पाहिलं, ओव्हरलोडच्या त्या तीन वर्षात क्लचप्लेट दोनदा टाकली, ट्रॉलीचे पाटे एकदा, मागचे टायर तर घासून गुळगुळीत. दोन चकरा सुरू केल्यापासून प्लेट अजून तीच आहे. चुलतभावाला ती बिलं फोटो काढून पाठवली, त्यानं अंगठा दाखवला, आणि संध्याकाळी धरमकाट्याचा रेट विचारायला फोन केला.