राबलेला चाकू आणि हाल केलेला चाकू

ट्रेकिंगच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घडीचा चाकू अस्सल असेल तर कसाही वापरा, मोडत नाही, सैनिक कुठे चाकू जपत बसतात? उघडलेलं पातं मिटू न देणारा लॉक असला की तो अखंड, म्हणजे न मिटणाऱ्या चाकूइतकाच पक्का. आणि स्टेनलेस असेल तर पुसायचीही गरज नाही. पावसाळ्यात राजगड-तोरण्याला निघालेली नवी पोरं हे वाचून चाकू घेतात, म्हणून लिहितोय.

आधी ‘कसाही वापरा’चं बघू. मार्केट यार्डात ओळखीचे एक काका आहेत. दिवसभर गोणींची सुतळी कापतात. त्यांचा चाकू मी हातात घेऊन पाहिलाय. धार लावून लावून पातं निम्मं झिजलंय, मुठीचं लाकूड बोटांच्या जागी गुळगुळीत झालंय. पण पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघा, खुळखुळत नाही. टोक शाबूत आहे. “काका, यानं कधी डबा उचकटलात?” तर म्हणाले, “त्याला ही पट्टी आहे की,” आणि दुसऱ्या खिशातून वाकडी लोखंडी पट्टी काढून दाखवली. हा राबलेला चाकू.

माझ्या मित्रानं मात्र राजगडावर दगडांत रुतलेली तंबूची खुंटी काढायला नवाकोरा चाकू खुपसला आणि आडवा पिळला. टोक कट्‌कन तुटलं. दोष कंपनीला दिला. अरे, धार टिकावी म्हणूनच ते पोलाद कडक केलेलं असतं. टोकाशी ते सगळ्यात पातळ असतं आणि आडव्या जोरानं वाकण्याआधी तुटतं. हजार वेळा कापा, तक्रार नाही. कापणं सोडून पहार म्हणून वापरलात, तर एकदाही पुरे.

सैनिकांचं उदाहरण तर मजकुराच्याच अंगाशी येतं. स्विस सैनिकांसाठी 1890 साली ठरलेल्या चाकूत पात्याशिवाय डबा उघडायचं हत्यार, स्क्रूड्रायव्हर आणि भोक पाडायची आर होती. रायफल खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा. म्हणजे रांगड्या वापरासाठी चाकू बनवतानाही पात्यावरची भलती कामं काढूनच घेतली होती.

लॉकबद्दल मला खरी काळजी वाटते, कारण इथे चाकू नाही, बोटं जातात. बऱ्याच चाकूंत लॉक म्हणजे मुठीच्या आतली एक पातळ पत्र्याची पट्टी. पातं उघडलं की ती सरकून त्याच्या बुडाशी टेकते. सगळा भार तेवढ्या टेकूवर आणि एका रिव्हेटवर. पातं लाकडात रोवून पाठीवर दगडानं ठोकलंत, तर ती पट्टी निसटू शकते आणि पातं बोटांवर मिटतं. अखंड चाकूत पोलाद थेट मुठीत गेलेलं असतं. मिटायला सांधाच नसतो. लॉक चुकून मिटू नये म्हणून आहे, ठोकण्यासाठी नाही.

स्टेनलेसचं थोडक्यात. त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजननं पातळ थर धरतं आणि गंज अडवतं. सिंहगडावर कैरी चिरलीत, मीठ लावलंत आणि चाकू तसाच ओला मिटून खिशात टाकलात, तर सांध्याच्या फटीत हवा पोचत नाही. आंबट-खारट पाणी मात्र तिथंच बसतं. गंज तिथूनच लागतो.

आणि मजकुरात नसलेली, पण सर्रास घडणारी एक गोष्ट. बोथट झालेला चाकू ग्राइंडरच्या कोरड्या चाकावर धरतात. ठिणग्या उडतात, बघायला बरं वाटतं. धारेची कड निळी पडली की समजा, पोलाद साधारण 300 अंशांपर्यंत तापलं आणि त्याचा कडकपणा उतरला. मग धार दोन दिवसांत जाते आणि लोक म्हणतात, चाकूच हलका होता. काका पाण्याच्या दगडावरच घासतात, संध्याकाळी, गाडी येईपर्यंत. मग पातं पुसून सांध्यात तेलाचा थेंब सोडतात, दोनदा उघड-मिट करतात आणि चाकू खिशात ठेवतात.