गोव्याला जाता जाता बेळगाव

"गोव्याला निघालोय, तीन तास बेळगावात आहोत, काहीतरी वेगळं सांगा की!" सीझन आला की हा फोन ठरलेला. सांगतो. ऐकतंय कोण?

शहापूरला जावा म्हटलं की, "ते बेळगावात येतंय काय?" येतंय की! एकेकाळी ते सांगली संस्थानात होतं, बेळगाव ब्रिटिशांकडं. त्यामुळं खडेबाजारसुद्धा दोन, एक बेळगावात, एक शहापुरात. हे बजावून सांगावं, तरी नकाशात नुसतं 'खडेबाजार' टाकून भलत्याच टोकाला पोचतात आणि तिथनं परत मलाच फोन!

गाडी लांब लावून चालत फिरा म्हणावं, तर रणगाड्याएवढी एसयूव्ही थेट गल्लीत. समोरनं टेम्पो, मागनं रिक्षा, आणि आत बसलेले म्हणतात गाव फार अरुंद आहे. बरं.

वडगावात साड्यांचे माग आहेत, म्हणून तिकडं पाठवलं. तर न विचारता खिडकीतनं मोबाईल आत घालून व्हिडिओ काढतात. अहो, घर आहे ते कुणाचं तरी! दारात उभं राहून दोन शब्द बोला. मराठी चालतंय, कन्नड चालतंय, हिंदीपण चालतंय.

किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 सालची, पण फाटकाबाहेर फोटो काढून माघारी. शेवटी कुंद्याचा, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईचा, डबा घेतात आणि वर मला कळवतात, "बेळगावात बघायला तसं काही नाही हो."