आडनाव टाकलं की हजार वर्षांची वंशावळ मिळते?

गेले काही महिने एक मजकूर नातेवाइकांच्या गटांमधून फिरतो आहे. मला तो आतापर्यंत चौघांनी पाठवला, कारण मी इंग्लंडात राहते, माझं सासर नॉर्फकमधल्या एका खेड्यातलं आहे आणि त्या घराची मुळं शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मजकूर असा: ‘इंग्रजांकडून शिका! त्यांच्याकडे १५३८ पासून प्रत्येकाच्या जन्ममृत्यूची नोंद आहे. दर दहा वर्षांची जनगणना सलग जपलेली आहे. संकेतस्थळावर आडनाव टाका, दहा मिनिटांत थेट विल्यम राजापर्यंतची वंशावळ आणि घराण्याचं मानचिन्ह हातात! फक्त गरिबांचं काही सापडत नाही, त्यांची नोंद कोण ठेवणार?’

शेवटचं वाक्य मला सगळ्यांत जास्त खुपतं. पण क्रमाने घेते.

१५३८ हे साल खरं आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने त्या वर्षी हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या इलाख्याच्या, पाद्र्याने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहावीत. म्हणजे लिहिला जाई तो बाप्तिस्मा, जन्म नव्हे. आणि दफन, मृत्यू नव्हे. बाप्तिस्म्याआधीच गेलेलं मूल बहुधा या वहीत येतच नाही. शिवाय सुरुवातीच्या वह्या साध्या कागदाच्या होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून काढायचा आदेश निघाला तेव्हा त्यात एक सवलत होती: सगळं उतरवा, विशेषतः एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनचं. कारकून मंडळींनी ‘विशेषतः’चा अर्थ सोयीने घेतला. म्हणून आज कितीतरी पॅरिशच्या वह्या १५५८ पासूनच सुरू होतात आणि आधीची वीस वर्षं गेली ती गेलीच. पुढे १६४० आणि १६५०च्या दशकांत, यादवी युद्ध आणि त्यानंतरच्या राजाविना काळात, अनेक ठिकाणी पानंच्या पानं कोरी आहेत. कॅथलिक, क्वेकर, बॅप्टिस्ट, ज्यू अशा सरकारी चर्चबाहेरच्या लोकांचं या वह्यांत काय मिळेल ते नशीब.

सरकारी जन्ममृत्यू नोंदणी सुरू झाली ती इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ ला, स्कॉटलंडमध्ये १८५५ साली. इंग्लंडात तर जन्म कळवला नाही म्हणून आईबापांना दंड होण्याची तरतूद १८७५ पासून लागू झाली. त्याआधीची अडतीस वर्षं बरीच मुलं नोंदीतून निसटली. आणखी एक फरक नवख्याला माहीत नसतो. स्कॉटलंडच्या मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. इंग्लंडच्या त्या काळच्या दाखल्यावर ती नसतात. त्यामुळे सीमेच्या उत्तरेला जे एका कागदात मिळतं त्यासाठी दक्षिणेला कधी कधी वर्ष जातं.

जनगणना ‘सलग जपलेली’ आहे हे तर सरळ चूक. पहिली जनगणना १८०१ ची, पण देशभर नावानिशी नोंद झाली आणि टिकली ती १८४१ पासून. त्या १८४१ च्या गणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचच्या पटीत खाली आणून लिहायची, असा नियम होता. एकोणचाळीस वर्षांचा माणूस पस्तीसचा दिसतो. जन्मगाव विचारलंच नव्हतं, फक्त याच काउंटीतला (म्हणजे जिल्ह्यातला) की बाहेरचा एवढंच. नातं आणि जन्मगाव मिळायला १८५१ उजाडतं. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची गणना डिसेंबर १९४२ मध्ये मिडलसेक्समधल्या हेझ इथे आगीत पूर्ण जळाली. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. नशिबाने सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धासाठी सगळ्यांची एक नोंदवही केली होती, तिच्यावर आज भागवावं लागतं. पहिल्या महायुद्धातल्या साध्या सैनिकांची बहुसंख्य कागदपत्रं सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. आणि ज्यांची शाखा आयर्लंडमध्ये आहे त्यांनी जून १९२२ मधली डब्लिनच्या दफ्तरखान्याची आग आठवावी.

आता विल्यम राजा, म्हणजे १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारा. १०८६ मध्ये त्याने करवलेल्या पाहणीत जमीनदारांची नावं आहेत. नांगर चालवणारे ‘इतके गडी, इतके बैल’ असे मोजले आहेत, त्यांना नावं नाहीत. सामान्य इंग्रज घराची साखळी पुराव्यानिशी सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत गेली तरी ते मोठं यश. साधा हिशेब करा. दोन आईवडील, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा, असं दुप्पट करत तीस पिढ्या मागे गेलं की १०७ कोटींहून जास्त पूर्वज होतात, आणि विल्यमच्या इंग्लंडात माणसं होती वीस लाखांच्या आसपास. म्हणजे तीच माणसं वंशावळीत पुन्हा पुन्हा येतात. राजाचं रक्त कुठून तरी असेलही. पण असणं वेगळं आणि एकेक दुवा दाखवणं वेगळं.

मानचिन्हाबद्दल थोडक्यात. १४८४ मध्ये स्थापन झालेलं लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स, म्हणजे मानचिन्हं देणारी आणि नोंदवणारी संस्था, स्वतःच सांगतं, की आडनावाचं मानचिन्ह अशी गोष्टच नसते. ते एका माणसाला दिलं जातं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. आडनाव जुळलं म्हणून चौकटीत बसवून विकत मिळतो तो नुसता शोभेचा कागद.

दहा मिनिटांचं म्हणाल, तर संकेतस्थळांवर नोंदी खरोखर आहेत आणि त्यांनी माझं आयुष्य सोपं केलं. पण तिथल्या तयार वंशावळी लोकांनी एकमेकांच्या उतरवलेल्या असतात. माझ्या सासऱ्यांच्या खापरपणजोबांना अशा अकरा वंशावळींनी शेजारच्या पॅरिशमधल्या एका जमीनदाराच्या पोटी जन्माला घातलं होतं. नाव तेच, साल तेच, १८२२. मी त्या पॅरिशची दफनाची वही पाहिली. जमीनदाराचा तो मुलगा नऊ महिन्यांचा असताना गेला होता. अकरापैकी एकानेही पुढची वही उघडली नव्हती. बाप्तिस्मा सापडला की दफन शोधायचं, हा या कामातला पहिला धडा आहे.

आणि आता ते वाक्य, गरिबांचं काही सापडत नाही म्हणे.

उलट आहे. १६६२ च्या कायद्यानुसार माणूस ज्या पॅरिशचा, त्याच पॅरिशने त्याला अडीअडचणीत पोसायचं. त्यामुळे बाहेरून आलेला कुणी आपल्यावर भार होईल असं वाटलं, की त्याला दोन मॅजिस्ट्रेटांपुढे उभं करून शपथेवर विचारत: जन्म कुठला, काम शिकायला उमेदवारी कुणाकडे केली, कोणत्या मालकाकडे सलग वर्षभर राहिलास, पगार किती, लग्न कधी आणि कुठे, मुलं किती, त्यांची वयं काय. उत्तरं लिहून घेत आणि खाली सही, नाहीतर फुली. हे सगळं त्या माणसाला हाकलता यावं म्हणून. हेतू निर्दय होता, पण त्यामुळे एका शेतमजुराचं अख्खं आयुष्य पानभर उतरलं, तेही बरंचसं त्याच्याच सांगण्यावरून. वेळेवर खंड भरणाऱ्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या शेतकऱ्याबद्दल मात्र बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा तीन ओळींपलीकडे फार काही मिळत नाही. कुमारी मातेला तर बापाचं नाव सांगायला भाग पाडत, कारण मुलाचा खर्च पॅरिशला नको असे. हे कागद काउंटीच्या दफ्तरखान्यात असतात, आणि त्यातले कितीतरी अजून कुठल्याही संकेतस्थळावर आलेले नाहीत.

हेच आपल्या बाजूलाही दिसतं. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुण्याच्या छावणीत नोकरी केलेल्या सैनिकाचा शोध तिथे लागू शकतो. पण त्याच्या मुलांची आई इथलीच असेल, तर अनेकदा तिचं नावच नसतं, किंवा बाप्तिस्म्यात दिलेलं नुसतं पहिलं नाव असतं. तिच्या माहेरापर्यंत जायला वाट उरत नाही.

आमच्या घरचं असं झालं. खापरपणजोबांचा खरा बाप्तिस्मा सापडला तो त्यांच्याच गावच्या वहीत. आईवडिलांच्या रकान्यात फक्त आईचं नाव, आणि धंद्याच्या रकान्यात ‘अविवाहित स्त्री’. पुढे नॉर्विचच्या, म्हणजे नॉर्फक काउंटीच्या, दफ्तरखान्यात तिची शपथेवरची जबानी मिळाली. ती बावीस वर्षांची होती. सप्टेंबर अखेरच्या मायकेलमस सणापासून पुढच्या मायकेलमसपर्यंत एका शेतकऱ्याकडे ती कामाला राहिली होती, मजुरी लिहिली आहे, आणि खाली थोडी वाकडी फुली आहे. मुलाच्या बापाचा कागद टिकलेला नाही.

सासऱ्यांनी त्या पानाची छायाप्रत जेवणघरात लावली आहे. वंशावळीत तिच्या शेजारचा चौकोन आम्ही रिकामा ठेवला आहे.